दाढ दुखायची थांबली, मग रूट कॅनॉल कशाला?

वाचकाचं पत्र :

डॉक्टरताई, नमस्कार. मी इंदूरला रामबागेत राहते, वय ५९. खालची उजवीकडची मोठी दाढ महिनाभर ठणकत होती. रात्री उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे. लवंगेचं तेल लावलं, मग मेडिकलवाल्याने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. आता आठवडाभर दुखणं अजिबात नाही. तरी दाखवून आले, तर डॉक्टर म्हणतात रूट कॅनॉल करा, वर कॅप बसवा, नऊ हजार. दुखतच नाही तर कशाला? जाऊबाई म्हणतात, काढून टाक, पाचशेत काम होतं. शेजारच्या काकू म्हणतात, दाढ काढली की नजर जाते. मला शुगर आहे, आणि स्टेंट बसवल्यापासून रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. दात साफही करून घ्या म्हणाले, पण त्याने दात हलायला लागतात ना? जाता जाता एक : यांना हल्ली तिखट सोसत नाही. पोह्यांवर जीरावन मसालासुद्धा नको म्हणतात. परवा छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पाणीपुरी अख्खी तोंडात जाईना, फोडून खाल्ली. वयामुळे असेल ना? तंबाखू नाही, फक्त सुपारी, तीही जुनी सवय.

उत्तर :

ताई, नमस्कार.

महत्त्वाच्या क्रमाने लावलं तर तुम्ही जाता जाता लिहिलेला प्रश्न सगळ्यात आधी येतो. तरी दाढेपासून सुरुवात करते, कारण झोप तिने उडवली होती आणि नऊ हजारांचा हिशेबही तिचाच आहे. यजमानांकडे मग निवांत येऊ. निवांत म्हणजे लिहिण्यापुरतं, दाखवायला नेण्यात नाही.

तुमची दाढ बरी झाल्यामुळे शांत झालेली नाही. आतली नस मेली म्हणून ती शांत झाली आहे, असं तुमच्या वर्णनावरून जवळजवळ नक्की वाटतं. दाताचं बाहेरचं कवच, एनॅमल, हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे एकदा खड्डा पडला की तो हाडासारखा भरून येत नाही. त्याच्या आत डेंटिन, आणि डेंटिनच्या पोटात एक पोकळी. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कीड एनॅमलपुरती असते तोवर माणसाला पत्ताही लागत नाही. डेंटिनला पोचली की गार पाण्याने किंवा गोडाने सळक येते आणि क्षणात जाते. त्या टप्प्यावर आलं तर कीड खरवडून सिमेंट भरलं की काम होतं, एका बैठकीत आणि कमी खर्चात. अडचण एवढीच, की क्षणात जाणाऱ्या सळकेसाठी कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही.

कीड नसेपर्यंत पोचली की नस सुजते. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, जागा मिळते. दाताच्या आत चारी बाजूंना टणक भिंती. कुकरची शिट्टी अडकल्यावर व्हावं तसा आतला दाब वाढत जातो. म्हणून तो ठणका मिनिटं-तास चालतो, गरम चहाने भडकतो, आणि पाठ टेकली की डोक्याकडे रक्त वाढून आणखी जोर धरतो. उशांना टेकून बसल्या बसल्या झोपायचे, हे तुमचं एक वाक्य वाचूनच एक्स-रेत काय दिसलं असेल याचा अंदाज आला. इथपर्यंत गेलेली नस मागे फिरत नाही. काही दिवसांनी ती मरते, आणि मेलेल्या नसेला दुखत नाही. घरात आनंदीआनंद होतो, गोळी लागू पडली म्हणून मेडिकलवाल्याचं कौतुक होतं. इकडे त्या पोकळीत जंतूंना आयतं घर मिळालेलं असतं. ते मुळाच्या टोकातून खाली उतरतात आणि जबड्याच्या हाडात पू धरायला लागतो. हे महिनोन्‌महिने बिनआवाज चालू शकतं. मग एखाद्या सकाळी गाल सुजलेला असतो, किंवा हिरडीवर पुळी येऊन फुटते आणि तोंडात खारट-घाण चव येते.

मेडिकलच्या गोळ्यांबद्दल थोडं चिडून लिहिते, समजून घ्या. अँटिबायोटिक रक्तातून पोचतं. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर औषध तिथे जाणार कसं? बाहेर हाडात किंवा गालात पसरलेला संसर्ग ते तात्पुरता दाबतं आणि सूज किंवा ताप असेल तेव्हा डॉक्टर ते देतातही. पण दाताच्या आतला साठा तसाच राहतो, आणि दर खेपेला अर्ध्या-मुर्ध्या गोळ्या खाऊन आपण जंतूंना मात्र पक्कं करतो. लवंगेच्या तेलाला माझी हरकत नाही. त्यातलं युजेनॉल बधिर करतं, दंतवैद्यही झिंक ऑक्साइडमध्ये मिसळून ते वापरत आले आहेत. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर, दातावर, तेही दवाखान्यात पोचेपर्यंत. हिरडीवर ओतलं तर भाजतं. आणि अ‍ॅस्पिरिनची गोळी दाताशेजारी दाबून ठेवणारे लोक अजून आहेत. त्याने गालाच्या आतल्या बाजूला पांढरी जखम पडते आणि दाढेचं काहीच होत नाही.

आता रूट कॅनॉल म्हणजे नेमकं काय, ते सांगते, म्हणजे खुर्चीत बसताना भीती कमी होईल. खालच्या मोठ्या दाढेला साधारणपणे दोन मुळं आणि त्यांत तीन नळ्या असतात, कधी चार. दाताची पूर्ण लांबी दोन सेंटिमीटरच्या आसपास आणि नळ्या केसासारख्या बारीक. भुलीचं इंजेक्शन देऊन दाढेला वरून भोक पाडतात, बारीक फायलींनी आतला कुजलेला भाग काढतात, सोडियम हायपोक्लोराइटच्या पाण्याने नळ्या पुन्हा पुन्हा धुतात. हा धुण्याचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. डॉक्टर दाढेभोवती रबराचा पातळ पडदा लावत असतील तर कटकट मानू नका, त्यामुळे थुंकी आत जात नाही आणि औषध घशात उतरत नाही. नळी कुठवर आहे ते एक्स-रेवरून किंवा टीं-टीं करणाऱ्या छोट्या यंत्रावरून कळतं. नळ्या कोरड्या झाल्या की गटापर्चा भरतात. हा मलायाकडच्या झाडांचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलींवर याचंच आवरण असायचं. एवढं सगळं एका ते तीन बैठकांत उरकतं. मेलेल्या नसेच्या दाढेत दुखण्यासारखं फार उरलेलंच नसतं. नंतर दोन-तीन दिवस चावताना ठुसठुसेल, तेवढंच. एक मात्र सांभाळा : खालच्या जबड्याची भूल उतरायला दोन-तीन तास लागतात, तोवर जेवू नका. गाल किंवा जीभ चावली गेली तर तेव्हा कळत नाही, संध्याकाळी कळतं.

कॅप टाळून पैसे वाचवायचा विचार मनात येईलच, तो काढून टाका. दाढ आतून कोरलेली, कीड काढताना भिंती पातळ झालेल्या, आणि चावण्याचा सगळा भार तिच्यावर. तळलेल्या गराडू कंदाचा कडक तुकडा किंवा शेवेतला एखादा खडा निमित्त होतो आणि दाढ उभी चिरते. चीर मुळात उतरली की मग काढण्यावाचून इलाज नसतो, म्हणजे रूट कॅनॉलचेही पैसे गेले. कॅप धातूची, धातूवर पोर्सेलिनची किंवा झिर्कोनियाची मिळते. मागच्या दाढेला नुसती धातूची कॅप उत्तम चालते, कमी घासावं लागतं आणि स्वस्त पडते. हसताना धातू दिसू नये असा तुमचा आग्रह नसेल तर तीच घ्या. नऊ हजारांत कोणती कॅप धरली आहे, हे विचारा. विचारायला लाजू नका, चांगला डॉक्टर रागावत नाही.

जाऊबाईंचं म्हणणंही मी उडवून लावणार नाही. कीड हिरडीच्या खाली खोल गेली असेल, मूळ चिरलं असेल, भोवतीचं हाड झिजून दाढ हलत असेल, तर काढणंच बरोबर. आणि पैशांची खरोखरच सोय नसेल, तर पू धरलेली दाढ वर्षभर तोंडात बाळगण्यापेक्षा काढलेली बरी. पण पाचशेचा हिशेब अपुरा आहे. दाढ गेली की मागची दाढ त्या खिंडारात कलते, समोरची वरची दाढ हळूहळू खाली उतरते, घास त्यात अडकायला लागतो आणि चावणं एकाच बाजूचं होतं. मग रिकाम्या जागेसाठी ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांवर टेकवलेला खोटा दात, करायचा तर दोन्ही शेजारचे दात घासावे लागतात. इम्प्लांट म्हणजे हाडात टायटेनियमचा स्क्रू, तो हाडाशी एकजीव व्हायला तीन ते सहा महिने लागतात, आणि तुमच्या शुगरवर बरंच अवलंबून. ही कला १९६५ पासून माणसांवर वापरात आहे, भरवशाची आहे, पण नऊ हजारांत होत नाही. काढता-घालता येणारा दात सगळ्यात स्वस्त, आणि अनुभव असा की तो डबीतच जास्त राहतो. तेव्हा एक्स-रे पुढ्यात ठेवून डॉक्टरांना विचारा : मुळं शाबूत आहेत का, हाड किती आहे, कॅप धरायला हिरडीच्या वर पुरेसा दात उरतो का? तिन्हीचं उत्तर हो असेल तर दाढ वाचवा. खर्च अगदीच झेपत नसेल तर इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. फेऱ्या जास्त होतात, रांगेत वेळ जातो, पण काम अध्यापकांच्या देखरेखीखाली होतं.

शेजारच्या काकूंना माझा नमस्कार सांगा. दातांची नस वेगळी, नजरेची वेगळी, त्या दोघींचा मेंदूपर्यंतचा रस्तासुद्धा एक नाही. दात पडायचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच असल्यामुळे बिचाऱ्या दाढेवर आळ येतो. शिवाय तुमची दाढ खालची आहे!

शुगर आणि स्टेंट यांचं मात्र नीट ऐका. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने एक दिवससुद्धा बंद करू नका. दंतवैद्यांनी तोंडी सांगितलं तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. दात काढल्यावरचं रक्त कापसाने दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये गुठळी झाली तर ते जिवावर बेततं. रूट कॅनॉलसाठी ही गोळी बंद करावी लागत नाही, साधी दाढ काढायलाही बहुतेक वेळा नाही. दवाखान्यात सगळ्या गोळ्यांची पाकिटंच घेऊन जा, नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. हाडं ठिसूळ होण्यावरची गोळी किंवा इंजेक्शन घेत असाल तर तेही सांगा, कारण त्यात दाढ काढल्यावर जबड्याचं हाड कधी कधी भरून येत नाही. वेळ सकाळची घ्या. नेहमीसारखा नाश्ता करून आणि शुगरची गोळी खाऊन जा. उपाशी जाऊन खुर्चीत घेरी येणाऱ्यांत निम्मे मधुमेहीच निघतील असा माझा अंदाज आहे. आणि हेही लक्षात असू द्या की तोंडात पू असेल तर शुगर आटोक्यात येत नाही, आणि शुगर वाढलेली असेल तर हिरड्या भरून येत नाहीत.

म्हणूनच दात साफ करण्याचा सल्ला बरोबर आहे. दातांवर आणि हिरडीखाली जमलेलं कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या खाली हिरडी सुजते, हाड झिजतं, दात सैल होतात, आणि ते सैल दात कीटणाच्या थराने एकमेकांना चिकटून उभे राहतात. थर काढला की सैलपणा उघडा पडतो, फटी दिसतात, चार दिवस गार लागतं. यंत्राने दात हलवले असं वाटतं, पण हलवण्याचं काम आधीच झालेलं असतं. अशा वेळी साफ करून घेतलं तर हिरडी पुन्हा आवळते. घासायला फ्लोराइडची साधी पेस्ट आणि मऊ ब्रश, दोन वेळा. रात्रीची वेळ चुकवायची नाही, झोपेत थुंकी कमी होते आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. इंदूरकर सराफ्याच्या खाऊबाजारात रात्री अकराला रबडी-मालपुवा खाऊन तसेच झोपतात, हे मी काय सांगावं! लाल मंजन टाका, त्यातल्या गेरूने दात घासून खाली जातात. गोडाचं म्हणाल तर किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं ते दाताला जास्त लागतं. प्रत्येक वेळी पुढचा अर्धा-पाऊण तास तोंडात आम्ल राहतं. नाश्त्याबरोबर एकदा जिलबी खाणाऱ्यापेक्षा दिवसभर गोड चहाचे घोट घेणाऱ्याचे दात आधी किडतात. तुमची शुगर पाहता मी जिलबीची शिफारस करते आहे, असं मात्र समजू नका.

आता यजमान.

नाही, हे वयामुळे नाही. तिखट झोंबणं, तोंड कमी उघडणं आणि सुपारीची जुनी सवय, ही तीन एकत्र आली की आम्हाला एकाच आजाराची शंका येते : सबम्यूकस फायब्रोसिस. सुपारीतल्या अ‍ॅरिकोलीनमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू घट्ट होत जातं, धाग्यांचे पट्टे पडतात, रंग फिका-पांढुरका होतो. पुढे जीभ बाहेर काढता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाही. तंबाखू लागतच नाही यासाठी, सुपारी एकटी पुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, आणि हा आजार त्या वाटेवरचा टप्पा आहे. प्रत्येकाला कर्करोग होतो असं नाही, म्हणून त्यांना घाबरवू नका. पण काहींना होतो, आणि कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही.

घरी एक तपासणी करा. त्यांना तोंड पूर्ण उघडायला सांगा आणि त्यांचीच तीन बोटं, एकावर एक उभी, समोरच्या दातांमध्ये जातात का पाहा. बहुतेकांची जातात. दोनच गेली किंवा ओढून-ताणून गेली तर नोंद करून ठेवा. मग खिडकीच्या उजेडात गाल आणि जिभेची कड पाहा : पांढरा किंवा लाल डाग, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ. काही दिसलं तरी दाखवायचं आहे आणि नाही दिसलं तरी दाखवायचं आहे. तोंडाच्या आजारांचे किंवा तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ गाठा, दंत महाविद्यालयात हे विभाग असतात. तपासणीसाठी छोटा तुकडा काढायचा म्हणाले तर विरोध करू नका. "तुकडा काढला की पसरतं" ही भीती निराधार आहे.

उपचार आहेत : तोंड उघडायचे व्यायाम, औषधं, गालात इंजेक्शनं, फार पुढे गेलेलं असेल तर शस्त्रक्रिया. पण गेलेला मऊपणा पूर्ण परत येत नाही आणि सुपारी सुरू असेल तर यातलं काहीच टिकत नाही. मध्य प्रदेशात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली तेव्हा पुष्कळांनी साध्या सुपारीकडे मोर्चा वळवला, जणू ती औषधच आहे. आपल्या मराठी घरांत तर जेवणानंतरची सुपारी व्यसनात मोजलीच जात नाही. अडकित्त्याने कातरलेली, भाजलेली, मीठ-मसाल्याची, लहान मुलांच्या हातावर ठेवायची गोड सुपारी, सगळी एकच. पुडीवर "तंबाखूरहित" लिहिलं आहे म्हणून फसू नका. तोंडात टाकायला काहीतरी हवंच असेल तर घरी भाजलेली बडीशेप, धनाडाळ, ओवा द्या. बाजारच्या मुखवासात सुपारीचे बारीक तुकडे असतात, ते बघून घ्या. इतक्या वर्षांची सवय सोडताना पहिले दिवस चिडचिड होईल, जेवण अपुरं वाटेल. मदत लागली तर १८००-११-२३५६ हा सरकारी फोन तंबाखू सोडण्यासाठी आहे, फुकट आहे, सुपारीबद्दलही विचारून पाहा. भांडून डबा लपवू नका. डॉक्टरांसमोर त्यांनाच आरसा धरून गाल बघू दे, त्याचा उपयोग जास्त होतो.

तेव्हा पहिली वेळ त्यांची घ्या, याच आठवड्यातली. तुमची दाढ पुढच्या आठ-दहा दिवसांत सुरू केलीत तरी चालेल, दोघांनी एकाच फेरीत उरकलंत तर आणखी चांगलं. मधल्या काळात गाल सुजला, ताप आला, तर वेळ ठरलेली असेल तिची वाट न पाहता दाखवा. आणि सूज जबड्याखाली मानेकडे उतरायला लागली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला, जीभ वर उचलल्यासारखी वाटली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी एम. वाय. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, सकाळची वाट पाहायची नाही. खालच्या दाढेचा पू त्याच रस्त्याने उतरतो.